१९८० चं सूर्यग्रहण २०३४ ला कोल्हापुरात परत दिसेल का? सगळा हिशोब आठ तासांचा आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांनी १९८० च्या ग्रहणाबद्दल खूप सांगितलंय, दर अठरा वर्षांनी तेच ग्रहण परत येतं असं तुम्ही कुठंतरी वाचलं, मग १९९८ ला आणि २०१६ ला कोल्हापुरात काहीच कसं दिसलं नाही, २०३४ ला तरी दिसेल का, आणि कॉम्प्युटर नसताना जुन्या लोकांना शेकडो वर्षं पुढची ग्रहणं कशी कळायची.

मी तीस वर्षांहून जास्त शाळेत गणित शिकवलं आणि त्याच्या जोडीनं ग्रहणांच्या वह्या भरत आलोय, त्यामुळं उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी १९८० चं सांगतो कारण तिथूनच माझं सुरू झालं. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार, मी अकरा वर्षांचा होतो, शिवाजी पेठेतलं कौलारू घर, दारं खिडक्या बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आम्हा पोरांना माजघरात बसवलेलं. आणि एका फुटक्या कौलातून रोज जमिनीवर जो गोल कवडसा पडायचा तो त्या दुपारी हळूहळू चंद्रकोरीसारखा झाला, बघता बघता अगदी नखाएवढी बारीक कोर. बाहेर न जाता मी सूर्यग्रहण बघितलं ते असं, शेणानं सारवलेल्या जमिनीवर. कोल्हापुरात ते खग्रास नव्हतं बरं का, सूर्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग झाकला होता, पण खग्रासचा पट्टा आपल्या खालून कारवार, हुबळी, रायचूर, हैदराबादच्या बाजूनं कोणार्क-पुरीकडं गेला. आजोबा "पूर्ण अंधार झाला" म्हणत असतील तर एक तर ते त्या दिवशी कारवारकडं असतील नाहीतर बंद घरात असतील, हे त्यांना जरूर विचारा.

आता मुद्दा. "ग्रहण परत येतं" म्हणताना नक्की काय परत येतं त्यावर उत्तर बदलतं. त्याच जातीचं ग्रहण परत येणं वेगळं, त्याच तारखेला येणं वेगळं, आणि त्याच गावात दिसणं तर फारच वेगळं. अठरा वर्षांचा नियम फक्त पहिल्याचा आहे. बाकी दोन्हीचा त्याच्याशी संबंध लावला की गोंधळ होतो, आणि ९९ टक्के लोकांचा तोच होतो.

अंगारकी घ्या. संकष्टी दर महिन्याला येते, मंगळवार दर आठवड्याला येतो, दोन्ही जुळले की अंगारकी. ग्रहणाचं तसंच आहे, अमावास्या दर महिन्याला येते पण चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला सुमारे पाच अंशांनी तिरकी आहे, त्यामुळं बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. दोन्ही वाटा जिथं छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. अमावास्येला सूर्य या दोनपैकी एकाच्या जवळ असला तरच ग्रहण. वर्षातून दोनदा साधारण पाच आठवड्यांचा असा काळ येतो, म्हणून वर्षाला कमीत कमी दोन सूर्यग्रहणं होतातच, जास्तीत जास्त पाच (१९३५ ला पाच झाली होती).

म्हणजे ग्रहण हुबेहूब परत यायला तीन गोष्टी जुळायला हव्यात. एक, अमावास्या ते अमावास्या, सरासरी २९.५३०५९ दिवस. दोन, चंद्र राहूपासून निघून परत राहूपाशी येतो तो काळ, २७.२१२२२ दिवस. तीन, चंद्र पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येतो तिथून परत तिथंच, २७.५५४५५ दिवस, कारण चंद्र जवळ असेल तर मोठा दिसतो आणि खग्रास होतं, लांब असेल तर कंकणाकृती. आता कॅल्क्युलेटर घ्या आणि स्वतः करून बघा, मी दरवर्षी पोरांकडून करून घ्यायचो:

२२३ अमावास्या = ६५८५.३२ दिवस
२४२ राहूफेऱ्या = ६५८५.३६ दिवस
२३९ जवळ-लांबच्या फेऱ्या = ६५८५.५४ दिवस

तिन्ही आकडे एका दिवसाच्या आत! एकमेकांशी काही देणंघेणं नसलेली तीन चाकं इतकी जवळ येऊन थांबतात. मी हे शेकडो वेळा फळ्यावर मांडलंय तरी प्रत्येक वेळी बरं वाटतं. ६५८५.३२ दिवस म्हणजे १८ वर्षं, १० किंवा ११ दिवस (मध्ये लीप वर्षं किती आली त्यावर) आणि वर साधारण आठ तास. हेच सारोस चक्र. बाबिलोनच्या लोकांना ते ठाऊक होतं, "सारोस" हे नाव मात्र १६९१ मध्ये एडमंड हॅलेनं चिकटवलं, तोच धूमकेतूवाला.

आता ते शेवटचे आठ तास, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. चाकं जुळली, ग्रहण झालं, पण पूर्ण दिवसांवर नाही, वर एक तृतीयांश दिवस जास्त. तेवढ्यात पृथ्वी तिसरा हिस्सा फिरून जाते आणि सावली १२० अंश पश्चिमेला पडते. तुमच्याच ग्रहणाच्या भारतीय वेळा देतो (जगभराचा विचार करता मध्य केव्हा झाला ती वेळ, कोल्हापूरची नव्हे). १९८० ला दुपारी २:२३. २६ फेब्रुवारी १९९८ ला रात्री १०:५८, म्हणजे ग्रहण वेळेवर आलं, अगदी ठरल्याप्रमाणं, पण आपण झोपायच्या तयारीत आणि सावली तिकडं कोलंबिया, व्हेनेझुएला, ग्वादेलूपवर. ९ मार्च २०१६ ला सकाळी ७:२७, सावली सुमात्रा, बोर्निओ, सुलावेसीवर, भारताच्या पूर्वेकडच्या भागात सूर्योदयाला थोडं खंडग्रास, आपल्याकडं बघण्यासारखं काही नाही. दोन दिवस आधीच महाशिवरात्र झाली होती, आठवत असेल. आणि २० मार्च २०३४ ला दुपारी ३:४७. बघा, तीन वेळा आठ तास झाले की दिवस पुरा होतो आणि सावली परत आपल्या बाजूला येते.

आणि हे एकच ग्रहण परत येतंय याचा पुरावा हवा असेल तर खग्रासचा जास्तीत जास्त काळ बघा, १९८० ला ४ मिनिटं ८ सेकंद, पुढं १९९८, २०१६ आणि २०३४ तिन्ही वेळा ४ मिनिटं ९ सेकंद. चोपन्न वर्षांत एका सेकंदाचा फरक.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, एका जागी बसून ग्रहणाची वाट बघणाऱ्यानं १८ नाही, ५४ वर्षं आणि वर महिनाभर धरावा. पण तेव्हाही ते त्याच गावात येत नाही, कारण २२३ अमावास्या आणि २४२ राहूफेऱ्या यांच्यात ०.०३६ दिवसाचा, म्हणजे पाऊण तासाहून थोडा जास्त फरक राहतोच. तेवढ्यानं दर वेळी सूर्य राहूपासून अर्धा अंश सरकलेला असतो आणि सावलीचा पट्टा उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतो. तुमच्या ग्रहणाचं घराणं, म्हणजे दर अठरा वर्षांनी येणाऱ्या त्याच जातीच्या ग्रहणांची साखळी, उत्तरेला चाललंय: १९२६ ला सुमात्रा-फिलिपिन्स, १९८० ला कारवार-कोणार्क, २०३४ ला इराण, अफगाणिस्तानवरून काश्मीर-लडाख. तसंच दुसरं एक घराणं, १९५५ ला खग्रास श्रीलंकेत, बरोबर ५४ वर्षांनी २२ जुलै २००९ ला सुरत, इंदूर, भोपाळ, पाटणा. २००९ ला मी सुरतेला गेलो होतो, ढगांत सूर्य दिसलाच नाही पण भर सकाळी अंधार पडला आणि पाखरं झाडात शिरली एवढं पाहिलं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर अठरा वर्षांनी ग्रहण येतं पण दुसऱ्याच्या दारात, चोपन्न वर्षांनी आपल्या बाजूला येतं पण शेजारच्या गल्लीत.

कोल्हापूरकरांनी खरं तर १९८० पेक्षा १८ ऑगस्ट १८६८ लक्षात ठेवायला हवं. त्या दिवशी खग्रासचा पट्टा विजयदुर्गपासून कोल्हापूर, जमखंडी, विजापूर करत गुंटूर, मछलीपट्टणमला गेला, म्हणजे आपलं शहर खुद्द पट्ट्यात होतं. गादीवर तेव्हा राजाराम महाराज, ज्यांचं दोन वर्षांनी इटलीत फ्लॉरेन्सला निधन झालं. श्रावण-भाद्रपदाचे ढग, त्यामुळं किती जणांना काय दिसलं असेल ते आभाळावर, पण अंधार नक्की पडला असणार. हेच ते हेलियमच्या शोधाशी जोडलं गेलेलं ग्रहण. इथं एक दुरुस्ती करतो कारण ती गोष्ट आपल्याकडं सहलीत हमखास ऐकायला मिळते. हेलियमच्या शोधाशी ज्याचं नाव जोडलं जातं तो इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर १८६८ ला विजयदुर्गावर नव्हता, तो इंग्लंडमध्ये होता. तो विजयदुर्गला आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्याचं महत्त्व त्यानं कमी होत नाही, तीस वर्षांत दोन खग्रास ग्रहणं बघितलेली जागा आहे ती, पण तारीख बरोबर सांगावी.

१८६८ च्या घराण्यात ५४ ची पावलं टाका: १९२२ ला ऑस्ट्रेलियातलं वॉलल, जिथं आइन्स्टाइनच्या सिद्धांताची परत तपासणी झाली, १९७६ ला मेलबर्न, २०३० च्या नोव्हेंबरात बोत्स्वाना, दक्षिण आफ्रिका आणि पुन्हा ऑस्ट्रेलिया. हे घराणं दक्षिणेला चाललंय, कोल्हापूर सोडून कायमचं गेलं. आणि १८९८ च्या विजयदुर्गच्या ग्रहणाचं, अठरा-अठरा वर्षांनी मोजलं तर, सातवं पाऊल म्हणजे ८ एप्रिल २०२४ चं अमेरिकेतलं ग्रहण, ज्याचे व्हिडिओ तुम्ही मोबाईलवर बघितले असतील. तेच घराणं १६ जुलै २१८६ ला साडेसात मिनिटांच्या जवळचं खग्रास देणार आहे.

घराणं म्हणतोय कारण त्याला जन्म आणि शेवट असतो. दर खेपेला अर्धा अंश सरकत सरकत, ग्रहण होऊ शकतं तेवढी साधारण चौतीस-पस्तीस अंशांची पट्टी संपायला सत्तरेक खेपा लागतात, म्हणजे बाराशे-तेराशे वर्षं. तुमचं १९८० चं घराणं १०९६ मध्ये दक्षिण ध्रुवाकडं सूर्याला एक बारीक चावा घेऊन सुरू झालं, तेव्हा कोल्हापुरात शिलाहार होते. पहिलं खग्रास १४७५ ला. सगळ्यात लांबलेलं १६१९ ला, पावणेसात मिनिटांच्या आसपास. शेवटचं २३९४ मध्ये उत्तर ध्रुवाकडं. एकूण ७३ खेपा, आजोबांनी अनुभवली ती पन्नासावी. अशी चाळीसेक घराणी एकाच वेळी चालू असतात, म्हणून तर दर वर्षी कुठलं ना कुठलं ग्रहण असतंच.

यातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते एक संपलेलं घराणं. शिवाजी महाराजांनी महाबळेश्वरला जिजाऊंची सुवर्णतुला केली ती ६ जानेवारी १६६५ ला, सूर्यग्रहणाच्या पर्वावर. मी पहिल्यांदा सारोस मोजत आलो तेव्हा उत्तर जुळेना, दहा दिवस चुकत होते, रात्रभर बेरजा तपासल्या. मग लक्षात आलं की ही तारीख ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या कॅलेंडरची आहे, आजच्या कॅलेंडरनं ती १६ जानेवारी. दहा दिवस मिळवले आणि साखळी बरोबर बसली: पंधरा खेपा पुढं गेलं की ३० जून १९३५, आणखी दोन पुढं २२ जुलै १९७१. ते त्या घराण्याचं शेवटचं ग्रहण, अलास्का-सैबेरियाच्या बाजूला सूर्याचा लहानसा तुकडा झाकला गेला. १९८९ ला साखळीनं तारीख येते पण आकाशात काहीच नाही, चंद्र सूर्याला न शिवता निघून गेला. तुम्ही जुन्या तारखा घेऊन हिशोब करणार असाल तर हे दहा दिवसांचं पक्कं ध्यानात ठेवा.

आता जुन्या लोकांना कसं कळायचं. इथं "सारोस माहीत होतं म्हणजे सगळं माहीत होतं" असं लिहिलेलं दिसतं, ते मला पटत नाही. सारोस चंद्रग्रहणाला चांगलं चालतं कारण चंद्रग्रहण अर्ध्या जगाला एकदम दिसतं. सूर्यग्रहणाला ते फक्त एवढंच सांगतं की "या अमावास्येला सावध राहा". तुमच्या गावात दिसेल की नाही हे सांगायला प्रत्यक्ष गणित लागतं, आणि आपल्याकडं तोच रस्ता धरला गेला. आर्यभटानं ४९९ च्या सुमारास स्पष्ट सांगितलं की चंद्र सूर्याला झाकतो, आणि ४३,२०,००० वर्षांच्या युगात राहूच्या, म्हणजे त्या सरकत्या बिंदूच्या स्वतःच्या, २,३२,२२६ फेऱ्या दिल्या. भागाकार करा, १८.६ वर्षं येतात, आजही तोच आकडा आहे. (हे १८.६ आणि सारोसचं १८.०३ एक नव्हेत, पुष्कळ जण इथं घसरतात.) मग राहूची जागा, चंद्राची जागा, आणि बघणारा पृथ्वीच्या पाठीवर असल्यामुळं चंद्र सरकलेला दिसतो तो फरक, ज्याला लंबन म्हणतात, हे सगळं गावापुरतं काढायचं. आपल्या कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ग्रहलाघव लिहून हे गणित इतकं सुटसुटीत केलं की ज्या-कोटिज्या (आजच्या भाषेत साइन-कोसाइन) न वापरता पंचांगकर्त्याला ग्रहण काढता यायला लागलं. महाराष्ट्रातली पंचांगं कित्येक पिढ्या त्यावर चालली. मी स्वतः त्या रीतीनं दोन ग्रहणं हातानं सोडवलीत, वेळेत फरक पडतो पण माणूस बसल्या जागी पाटीवर हे करायचा हे बघून हात जोडावेसे वाटतात.

बरं, आजचं अचूक गणित तरी हजारो वर्षं मागं नेलं तर जसंच्या तसं चालतं का? नाही. इ.स.पू. १३६ च्या १५ एप्रिलला बाबिलोनमध्ये खग्रास दिसल्याची नोंद मातीच्या पाटीवर आहे. पृथ्वी कायम आजच्याच वेगानं फिरत आली असं धरून हिशोब केला तर तो पट्टा बाबिलोनच्या सुमारे ४९ अंश पश्चिमेला पडतो. म्हणजे तेव्हापासून पृथ्वीचं घड्याळ सव्वातीन तास मागं पडलंय, भरती-ओहोटीच्या घर्षणानं दिवस हळूहळू मोठा होतोय. चंद्राचं येणं पक्कं आहे, सैल आहे ती पृथ्वीची फिरकी, आणि फार जुन्या किंवा फार पुढच्या ग्रहणाला "अमुकच गावात" असं सांगताना त्यामुळंच जपून बोलावं लागतं.

एक राहिलं, तारखेचं. काही जण १९ वर्षं सांगतात ते दुसरं चक्र. १९ वर्षांत २३५ चांद्रमास बसतात म्हणून तिथी त्याच तारखेवर परत येते, २००४ ला अधिक श्रावण होता तसा २०२३ लाही आला. ग्रहणं पण कधी त्यावर जुळतात, ११ ऑगस्ट १९९९ आणि ११ ऑगस्ट २०१८, पण चार-पाच खेपांत ती साखळी तुटते. अधिक महिन्याला ते चक्र घ्या, ग्रहणाला नको.

तर तुमचं उत्तर. २० मार्च २०३४, सोमवार, पाडव्याच्या आदल्या दिवशीची अमावास्या, कोल्हापुरातून दुपारनंतर ते ग्रहण दिसेल पण खंडग्रास, आणि १९८० पेक्षा बरंच कमी झाकलेलं. खग्रास बघायचं असेल तर काश्मीर-लडाखच्या पट्ट्यात जावं लागेल, मार्चमध्ये तिथं थंडी, ढग, बंद रस्ते या सगळ्याचा विचार आधी करून. तोवर २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आपल्याकडून एक छोटं खंडग्रास आहे, पावसानं उघडीप दिली तर. सुरतेला मला ढगांनी दिसू दिलं नाही त्याच घराण्यातलं ते पुढचं. चष्मे चांगले घ्या, एक्स-रेची फिल्म नको, आणि आजोबांना घराबाहेर न्यायला जमलं नाही तर एका पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून कोर त्यांच्यासमोर भिंतीवर पाडा.